झिलू कुबलाची सलामी

ही गोष्ट अक्षर न् अक्षर खरी आहे. रवळनाथाच्या देवळाच्या पायरीवर हात ठेवून सांगतो, यात मीठ-मिरचीसुद्धा वरून घातलेली नाही. ज्यांनी ती डोळ्यांनी पाहिली त्यांच्याच तोंडून ऐकली आहे. आता ती माणसं जाऊन त्यांच्या पणतवंडांनाही नातवंडं झाली, तेव्हा त्यांच्या तोंडून ऐकली हे तेवढं सोडून द्या. आणि मीठ म्हणाल, तर खाडीकाठची गोष्ट आहे, थोडं खारं लागणारच.

खाडीच्या मुखावर दीपगृह नव्हतं, धक्का नव्हता, आणि मचवेवाडीत माणसांपेक्षा होड्या जास्त होत्या, तेव्हाची ही हकिकत. वाडीत झिलू कुबल नावाचा एक गाबती, म्हणजे दर्यावर जगणारा मासेमार होता. अंगानं काटकुळा, चालीनं संथ. गलबतावर खलाशी म्हणून गेला तो वाऱ्याबरोबर भरकटत पूर्वेच्या, वाडीच्या भाषेत जाव्याच्या, बेटांवर पोचला, जिथं लवंगा झाडाला लागतात आणि जायफळं पायाखाली येतात. गलबत तिथं फुटलं. झिलू एका फळीला धरून पोहत काठाला लागला आणि तोक आवांग नावाच्या म्हाताऱ्याच्या दारात जाऊन पडला.

तोक आवांग हा त्या बेटावरचा मोठा उस्ताद. तो शिकवायचा ती हाताची, पायाची आणि वाकड्या पात्याच्या खंजिराची विद्या. असं म्हणतात, की तो भातखाचरातून चालला तर पाणी हलायचं नाही, आणि त्यानं टाळी वाजवली की नारळ आपण होऊन खाली उतरायचे. त्याच्याकडे शिकायचं तर आधी पांढरं कापड, लिंबं आणि विड्याची पानं घेऊन जायचं. मग लिंबाच्या पाण्यानं अंघोळ, मग देवाचं नाव, मग सलामी, आणि त्यानंतर पहिला धडा.

झिलू अडला तो देवाच्या नावाशी. तोक आवांग अल्लाचं नाव घेऊन सुरुवात करायचा. बाकीचे शिष्यही तसंच करायचे. झिलू लिंबाच्या पाण्यानं निथळत नुसता उभा राहिला.

"काय झालं?" म्हाताऱ्यानं विचारलं.

"माझा देव रवळनाथ. तुमच्या देवाचं नाव घेतलं तर तो रुसेल, नाही घेतलं तर तुम्ही रुसाल."

"तुझा देव मला ओळखतो का?"

"नाही."

"मग त्याला सांग मी कोण आहे ते. तू कोण ते मी माझ्याला सांगतो. पण सांगितल्याशिवाय हात उचलू नकोस."

झिलूनं डोळे मिटून रवळनाथाला सगळं सांगितलं. त्या दिवसापासून एकाच अंगणात दोन नावं उठू लागली, आणि अंगणाला त्याचा कधी त्रास झाला नाही.

मग तोक आवांगनं सलामीचा नियम सांगितला. ज्याच्याकडून काही शिकलास त्या प्रत्येकाला आठवायचं, वाकायचं, आणि मगच समोरच्यावर हात टाकायचा. एक जरी विसरलास तरी ऐन वेळी हात दगा देईल. बाकीचे शिष्य "सगळ्या गुरूंना" असं म्हणून एका दमात उरकायचे. झिलूला ते जमेना. सगळे म्हणजे कोण? सगळे या नावाचं त्याच्या ओळखीचं कुणीच नव्हतं. म्हणून तो एकेक नाव घ्यायचा. त्याची सलामी संपेपर्यंत चुलीवरचा भात करपायचा, आणि समोरचा शिष्य जाऊन पोहून यायचा. तोक आवांग मिशीत हसायचा, पण त्याला थांबवायचा नाही.

पुढं एक तारू पश्चिमेला निघालं त्यातून झिलू घरी आला. वाडीनं विचारलं, काय शिकलास ते दाखव. झिलूनं सलामी सुरू केली. वाडी थोडा वेळ थांबली, मग जेवायला गेली. शेजारचा न्हानू गिरप तेवढा शेवटपर्यंत उभा राहिला, तोही चेष्टा करायला. "जाव्याक जाऊन हो नाचूक शिकान इलो," असं त्यानं घरोघरी सांगितलं, आणि झिलूची विद्या तिथंच बुडाली.

आणि मग एका सकाळी, ऐन भरतीला, कातळ्याचं गलबत खाडीत शिरलं.

कातळ्या हा चाचा, म्हणजे दर्यावरचा लुटारू. असं म्हणतात, की तो उभा राहिला की गलबताला शिडाची गरज पडत नसे, त्याच्या छातीवरच वारा भरायचा. त्याला मचवेवाडीच्या होड्या हव्या होत्या, एकूण एक. होड्या गेल्या तर वाडीनं खायचं काय? पाऊस नुकताच ओसरला होता, घरातलं सुकट संपलं होतं, आणि दोन दिवसांत जाळी दर्यात पडायची होती.

कातळ्याला लढाईची हौस होती. तो पुळणीवर उतरला आणि म्हणाला, "तुमच्यातला एक माणूस द्या. त्यानं माझी पाठ वाळूला लावली तर मी रिकामा जाईन. त्याची लागली तर होड्या माझ्या." आणि दंडावरच्या ताइताला हात लावून त्यानं तशी शपथ घेतली.

सगळी वाडी पायाकडे बघू लागली. झिलू पुढं झाला.

"मेलो," न्हानू म्हणाला. "होडयो गेल्यो."

झिलूनं हात जोडले आणि सलामी सुरू केली. कातळ्यानं कमरेची तलवार फेकून दिली, मूठ वळली आणि तो थांबला. कारण त्यालाही एक गोष्ट पक्की ठाऊक होती. सलामीत वाकलेल्या माणसावर जो हात टाकतो त्याचा ताईत तिथंच मरतो. चाचा झाला म्हणून काय, त्याचीही कशावर तरी श्रद्धा होतीच.

झिलूनं रवळनाथाला सांगितलं. तोक आवांगला वंदन केलं, तोक आवांगच्या उस्तादाला केलं. बापाला केलं, ज्यानं वारा ओळखायला शिकवला. आईला केलं. मग वल्ह्याची मूठ धरायला शिकवणाऱ्या म्हाताऱ्याला, जाळ्याची गाठ शिकवणाऱ्या मावशीला, शिळा बांगडा वासावरून ओळखायला शिकवणाऱ्या काकीला. मग तिरकं पळायला शिकवणाऱ्या कुर्लीला आणि एका पायावर उभं राहायला शिकवणाऱ्या बगळ्याला.

"हो मारतलो काय पूजा घालतलो?" गर्दीतून कुणी तरी म्हणालं.

झिलूची आई कपाळाला हात लावून बसली होती. "ह्येका कसलीच घाई नाय," ती म्हणाली. "जल्माक येताना पण माका ताटकळत ठेवल्यान."

पण एक नवल घडू लागलं. ज्याचं नाव झिलू घेई तो गर्दीत ताठ उभा राही. काकीच्या पाठीचा बाक गेला. गाठी शिकवणारी मावशी हातात कोयता घेऊन पुढं आली. वाडीत क्वचितच कुणी असा उरला होता की ज्याच्याकडून झिलू काही शिकला नव्हता.

"झालं का रे?" कातळ्यानं विचारलं.

"होयत इला," झिलू म्हणाला. म्हणजे होत आलं.

ऊन डोक्यावर आलं. गलबतावरून कातळ्याचा माणूस ओरडला, की पाणी उतरतंय, गलबत हलवायचं का? कातळ्या म्हणाला, थांबा, आता संपेल. असं तो किती वेळा म्हणाला कोण जाणे. मग झिलूनं दर्याला वंदन केलं, कारण थांबायचं कधी आणि निघायचं कधी हे त्याला दर्यानं शिकवलं होतं. आणि वंदन घ्यायला दर्या मागं सरला, असं म्हणतात. इतका मागं सरला, की आजोबांनी न बघितलेल्या कालवांच्या खडपी उघड्या पडल्या. गलबत कण्हलं, चिखलात बसलं आणि हळूच एका कुशीवर कललं. वरचे चाचे घसरत खाली आले आणि मांडीपर्यंत रुतले.

इकडं झिलूची नावं संपली. त्यानं हात उचलायला घेतला, आणि हात उचलेना. ओल्या दोरखंडासारखा जड झाला होता. एक माणूस राहिला होता. कोण? त्यानं बेटं आठवली, गलबतं आठवली, सारी वाडी आठवली. समोर कातळ्या पाय रोवत होता. मागं होड्या ओळीनं पडल्या होत्या, आणि प्रत्येक होडीमागं एक चूल होती.

"मार मेल्या," न्हानू ओरडला. "आता तरी मार."

झिलू वळला आणि न्हानूपुढं वाकला. "न्हानू गिरप," तो मोठ्यानं म्हणाला. "ह्येणी माका होडयेतसून ढकलल्यान, म्हणान मी पोवाक शिकलंय. नायतर त्या बेटार पोचलंयच नसतंय."

"गाळी घाल रे," न्हानू कसाबसा म्हणाला. "नाव कित्याक घेतस."

आणि झिलूचा हात पिसासारखा वर गेला. असं म्हणतात, की त्यानं कातळ्याला स्पर्शही केला नाही. त्या चापटीचा नुसता वारा लागला, आणि तो डोंगराएवढा माणूस हवेत उडाला, दोन कोलांट्या खाऊन पाठीवर पडला, आणि पुळणीत त्याच्या आकाराचा खड्डा झाला. त्या खड्ड्यातून गोडं पाणी निघालं, असंही म्हणतात. कातळ्यानं शपथ पाळली. रात्रीच्या भरतीला वाडीनंच खांदा लावून त्याचं गलबत काढून दिलं, आणि एकही होडी जागची हलली नाही.

आजही नारळी पौर्णिमेला होड्या दर्यात लोटण्याआधी मचवेवाडी पुळणीवर उभी राहते आणि प्रत्येक जण आपल्याला शिकवणाऱ्यांची नावं मोठ्यानं घेतो. नव्या सुना माहेरची नावं घेतात, शाळेतली पोरं मास्तरांच्या आधी मित्रांची घेतात. एखाद्या वर्षी नावं इतकी लांबतात की भरती निघून जाते आणि होड्या दुसऱ्या दिवशी निघतात. त्याबद्दल कुणी कुरकुरत नाही. तालुक्याच्या कबड्डीत मचवेवाडीचा संघ मैदानात आला, की पंच सरळ चहा प्यायला जातात. झिलूची सलामी आहे, एवढं सांगितलं की पुरतं.

आता पायरीवर हात ठेवलाच आहे, तर एक कबूल करतो. चापट माझी. वारा, कोलांट्या, खड्डा, गोडं पाणी, सगळं माझ्या पदरचं. चापटीशिवाय गोष्ट सांगितली की ऐकणारे रुसतात. वाडीतली म्हातारी माणसं सांगतात ते एवढंच, की न्हानूचं नाव घेऊन झिलू वळला, तोवर कातळ्या उन्हानं भोवळ येऊन आपला आपणच उताणा पडला होता. पाठ वाळूला लागली होती, होड्या वाचल्या होत्या, सारी वाडी नाचत होती. झिलूनं कातळ्याचं डोकं मांडीवर घेतलं, त्याला पाणी पाजलं, सावलीला नेऊन निजवलं. आणि मग तो परत जागेवर येऊन हात जोडून उभा राहिला, कारण त्याला आणखी एक नाव आठवलं होतं.