दहावी वाटी

"म्हणजे भागाक्कानं आता चुलीला हात लावायचाच नाही?"

आम्हा मठातल्या लोकांसमोर स्वामीजींनी एवढंच विचारलं. समोर डॉ. उमाकांत बिरनाळे अहवालाचा कागद घेऊन बसला होता. शहरातल्या प्रयोगशाळेतला जंतुतज्ज्ञ आणि मठाचा जुना शिष्य. दोन्ही गोष्टींचा त्याला अभिमान, पहिलीचा जरा जास्तच.

उत्सवाच्या प्रसादानंतर त्रेचाळीस जण जुलाब-तापानं आडवे झाले होते. उमाकांतनं त्यांचे नमुने तपासले, मठाचं स्वयंपाकघर तपासलं. रुग्णांत साल्मोनेला नावाचा जंतू निघाला आणि भागाक्काच्या विळीवरही साल्मोनेलाच. झालं. तीस वर्षं मठाला जेवू घालणारी बाई दाराबाहेर बसून पदरानं डोळे पुसत होती.

"नाव जुळलंय, स्वामीजी. आणखी काय पाहिजे?"

स्वामीजींनी अंगणाकडे बघून हाक मारली.

"मल्लिकार्जुना..."

तिघं जण उठून आले.

"समज, देवापुढची समई मल्लिकार्जुन नावाच्या माणसानं पळवली. यातल्या कुणाला धरू?"

तिघंही एकमेकांकडे बघायला लागले.

जंतूच्या डीएनएचा ठसा घेण्याची सोय त्याच्याच प्रयोगशाळेत होती. एकाच नावाचे दोन जंतू त्या ठशावरून वेगळे ओळखता येतात, हे तो इतरांना शिकवायचा. इथे मात्र त्याला त्याची गरज वाटली नव्हती.

तो ठसे घ्यायला म्हणून उठला, तशी स्वामीजींनी भागाक्काला खूण केली.

भागाक्काची एक रीत होती. पंगतीत येणारा पदार्थ कुणीही आणलेला असो, वाढण्याआधी त्याची एक वाटी काढून ती फ्रिजमध्ये ठेवायची. उत्सवाच्या दिवशी अशा दहा वाट्या झाल्या होत्या. उमाकांतनं तपासायला नऊ नेल्या होत्या, त्यांत काही निघालं नव्हतं.

दहावी तिनं त्याच्या हातात दिली. तीत पेढे होते.

"हे कशाला? हे तर मीच आणलेले."

स्वामीजींनी वाटीवर झाकण ठेवून दिलं.

आठ दिवस मठात बाहेरून डबे आले. नवव्या दिवशी उमाकांत सकाळच्या प्रवचनात शिरला आणि सगळ्यांसमोर उभ्यानंच अहवाल वाचू लागला. सगळ्या रुग्णांमधल्या जंतूचा ठसा एकच. विळीवरच्या जंतूचा ठसा निराळा, त्याचा या आजाराशी संबंध नाही. रुग्णांमधला ठसा जुळला तो दहाव्या वाटीशी. ज्या दुकानातून पेढे घेतले, तिथला उरलेला खवा लग्नाच्या ऑर्डरी जायच्या आत सरकारी माणसांनी जप्त केला होता.

"आणि ते पेढे मठात मी आणले," त्यानं शेवटी वाचलं. ते वाक्य त्यानं गाळलं नाही. मला तो त्या दिवशी पहिल्यांदा आवडला.

सगळी सभा उठून उभी राहिली. आजारातून उठलेले तर सर्वांत पुढे होते. भागाक्का मात्र थांबली नाही. ती सरळ स्वयंपाकघरात गेली, चूल पेटवली, आधण ठेवलं आणि त्या उकळत्या पाण्यानं सगळ्यात आधी विळी धुतली. कौलांतून धूर निघालेला पाहून माणसांनी टाळ्या वाजवल्या.

उमाकांत तिच्या पाया पडला.

"आक्का, चुकलो."

"जेवून जा," ती म्हणाली.

तो स्वामीजींकडे वळला. "पुन्हा मठात पेढे आणायला मला तोंड राहिलं नाही."

स्वामीजी हसले...

"आण की. पहिली वाटी आक्का काढून ठेवेल."