शेंदराखालचा गुराखी

फार मागची गोष्ट, दगडांनाही ऐकू यायचं तेव्हाची. एका डोंगराखालच्या गावात, वेशीपाशी एक दगड उभा होता. त्यावर कोरलं होतं: पुढे गाई, मागे चोर आणि मधे काठी उगारलेला एक माणूस. गाई वाचवताना हा गुराखी तिथेच पडला, म्हणून गावानं त्याच्या आठवणीला हा दगड उभारला.

दगड सुखात होता. म्हशी त्याला अंग घासत. पोरं खांद्यावर चढत. त्याच्याच कुळातली एक म्हातारी जाता-येता म्हणे, "काय रे गुराख्या, तापलास का उन्हानं?"

एकदा पाटलाचा ताप उतरला. पाटील म्हणाला, "मला या दगडानं बरं केलं." झालं! दगडाला शेंदूर फासला. मग दर अमावास्येला नवा थर. आधी कोरलेल्या गाई झाकल्या गेल्या, मग चोर, मग काठी. वर चांदीचे डोळे चिकटवले. म्हशींना हाकललं, पोरांना दटावलं. जो येई तो लांबून हात जोडी आणि काहीतरी मागे. तापलास का, हे कुणी विचारीना.

म्हातारी तेवढी ओरडे, "अरे, देव कसला? आपला गुराखी आहे तो!"

"म्हातारे, जीभ झडेल तुझी!"

"झडू दे. खाली पडून बोलेल!"

एका दुपारी चोर आले. त्यांनी गाई वळवल्या. सगळं गाव धावलं, ते दगडाकडे. नारळ फुटले. "देवा, आमच्या गाई राख!"

"नारळ काय फोडता? काठ्या घ्या!" म्हातारी कडाडली.

"देव बघतोय," पाटील म्हणाला.

"बघायला त्याचे डोळे उघडे ठेवलेत कुठं तुम्ही?"

दगड सारं ऐकत होता. त्याचा जीव तळमळला. पण दगडाचा हात तो, उठतो कुठला? म्हातारीनं कुंपणातली काठी उपसली आणि ती एकटीच धावली. तिच्या मागे एक पाऊल वाजलं नाही.

गाई गेल्या. म्हातारी शिवेवर सापडली, निपचित.

गाव खूप रडलं. तिचाही दगड घडवून त्यांनी गुराख्याशेजारी उभा केला. आणि पहिल्याच अमावास्येला त्यालाही शेंदूर फासला.

आता तिथे दोन देव आहेत. शेजारी शेजारी उभे, पण शेंदराआडून एकमेकांना ओळखत नाहीत. गावात गाय नाही. नैवेद्याचं दूध परगावाहून येतं.

ज्याच्यासारखं वागायची हिंमत नसते, त्याचा माणसं देव करून मोकळी होतात.