काटुलीचा ताप

जनावरांची पिल्लं उंबराखालच्या शाळेत जायची, त्या फार जुन्या काळची ही गोष्ट. नदीपलीकडच्या रानात तापाची साथ आल्याचं कळताच साळू साळिंदरीनं बिळात कंद साठवले, आजाऱ्यासाठी बाजूला वेगळी खोली उकरली आणि लेकीला, काटुलीला, तोंड झाकून खोकायला शिकवलं.

"साथ आलीच नाही तर?" शेजारची ससीण हसली.

"तर कंद मिळून खाऊ," साळू म्हणाली.

पण साथ आली आणि शाळा बंद झाली. एका सकाळी काटुलीचं अंग तापलं, तशी ती आपणहून वेगळ्या खोलीत जाऊन निजली. साळू तिला पाणी पाजत बसली. लेकीची धाप ऐकून तिचा जीव तुटत होता. तेवढ्यात तान्ही पिल्लं पोटाशी धरून ससीण दाराशी आली.

"साळूताई, घरात खायला काही उरलं नाही गं!"

साळू कंद घेऊन तिच्याकडे धावत निघाली, तोच आतून बारीक आवाज आला, "मावशी, लांबच थांब! माझा ताप बाळांना लागेल. आई, तूही माझ्याजवळ बसली होतीस ना? कंद वाटेवर ठेव आणि मागे ये. मग मावशी उचलेल."

साळूनं तसंच केलं.

ससिणीची पिल्लं धडधाकट राहिली. काटुलीही बरी झाली. मग मात्र साळू भेटेल त्याला अडवून सांगू लागली, "अहो, एवढं काही मी तिला शिकवलं नव्हतं!"