दीड नंबर

९ डिसेंबर. सकाळी धुकं, नंतर स्वच्छ ऊन. वारा नाही.

"नंबर तोच, कोड तोच... मग हा घेत का नाही?" अभिनंदन चौगुलेने टेबलावरच्या राउटरलाच विचारलं.

समोर पद्मावतीअक्का वायरचं टोक सोलत बसल्या होत्या. पठारावरच्या वाड्यांना बिनतारी जाळ्याने जोडणारे राउटर त्यांनी बसवले, त्यातलं फर्मवेअर, म्हणजे राउटरमध्ये भरलेलं सॉफ्टवेअरही त्यांनीच बांधलं. अभिनंदन त्यांच्याकडे शिकायला आला होता. शिकून झालं, असं त्याचं मत होतं.

वर पठारावर, भेकरेवाडीच्या उपकेंद्रात हृदयाचा आलेख काढून तो जाळ्यावरून तालुक्याच्या डॉक्टरांना पाठवणारं यंत्र आलं होतं. पण तिथल्या राउटरचा कर्नल, म्हणजे सगळं चालवणारा आतला गाभा, या यंत्राला ओळखत नव्हता. ओळख करून देणारा छोटा तुकडा, मॉड्यूल, अभिनंदनने स्वतः बांधला आणि त्याचं पॅकेज केलं. त्याने स्वतः बांधलेल्या फर्मवेअरवर तो झकास चालला. अक्कांच्या फर्मवेअरवर मात्र पॅकेज अडून बसलं होतं. माझा कर्नल हा नव्हे, एवढंच सांगत होतं.

फोन वाजला. उपकेंद्रातल्या सिस्टर.

"दादा, तानूआजी येऊन बसल्यात. कालपासून छातीत दाबतंय. यंत्र लागतंय का?"

"गाडी बघा म्हण," अक्का म्हणाल्या.

"गाडी दारात उभी आहे हो! आजी बसायला तयार नाहीत. डॉक्टरनं आलेख बघून बोलावलं तरच खाली जाईन म्हणतात."

अभिनंदनने फोन ठेवला. "अक्का, पॅकेज जबरदस्तीने बसवतो. तशी सोय आहे."

"बसव. आधी इथल्यावर."

टेबलावरच्या राउटरमध्ये अक्कांचं, वरच्यासारखंच फर्मवेअर होतं. जबरदस्ती केल्यावर पॅकेज मुकाट बसलं. मॉड्यूल सुरू झालं... आणि राउटर गोठला. दिवे होते तसे थिजले.

"वर भेकरेवाडीत असं झालं असतं तर?" अक्कांनी विचारलं.

"सिस्टरचा फोनही याच जाळ्यावर आहे..." अभिनंदनचा आवाज उतरला. मग पुन्हा चढला. "पण कर्नलचा नंबर तोच आहे, अक्का! पाच पॉइंट पंधरा, पुढचे आकडेसुद्धा तेच. अक्षर न् अक्षर पाहिलंय मी."

"तुझ्या चष्म्याचा नंबर काय रे?"

"दीड. का?"

"दोन्ही डोळ्यांना?"

"हो."

"माझाही दीड."

अक्कांनी आपला चष्मा काढून त्याच्या हातात दिला.

"घाल. बाहेर बघ."

त्याने आपला काढून तो घातला. खिडकीकडे वळला. डोळे बारीक केले.

"ती म्हैस आहे का स्कूटर?"

"स्कूटर. तुझीच."

"काहीच दिसत नाही, अक्का!"

"नंबर तर तोच आहे."

"अहो, तुमचा अधिक दीड असणार, जवळचं वाचायचा. माझा वजा आहे!"

"तू नुसतं दीड म्हणालास."

...

अभिनंदनने चष्मा काढला. तो टेबलावर ठेवून आपला घातला.

"कर्नल बांधताना मी एक सोय चालू केली होती. चुका शोधायची. तुम्ही ती बंद ठेवलीय."

"हं."

"त्याने नंबर बदलत नाही."

"नाही."

"आतली मांडणी बदलते."

अक्का वायर सोलत होत्या.

"मग वरती सगळं फर्मवेअरच माझं चढवतो. माझं जास्त चांगलं आहे, अक्का. खरंच."

"चांगलं आहे."

"मग चढवू?"

"आजी कुणाच्या राउटरपाशी बसल्यात?"

त्याने गोठलेला राउटर बंद करून पुन्हा सुरू केला. त्या चालू कर्नलकडूनच त्याच्या सगळ्या निवडी मागून घेतल्या, काय चालू, काय बंद. आपल्याकडची ती सोय काढली आणि त्या निवडींवर मॉड्यूल नव्याने बांधलं. या वेळी पॅकेजला रेटावं लागलं नाही.

"बसलं! चालतंयही!" तो हसला. मग कपाळावर आठी आली. "पण अक्का, मला अजून समजत नाही. आधीचं मॉड्यूल चुकीचं होतं का?"

"नाही."

"कोड तर एका ओळीनेही बदलला नाही मी."

"नाही बदललास."

"मग दोन्हींत फरक काय?"

अक्कांनी टेबलावरचा आपला चष्मा उचलला, पदराने पुसला.

"पहिल्यात तू होतास, तुझ्या निवडींसकट."

मॉड्यूल भेकरेवाडीच्या राउटरवर चढलं. तानूआजींचा आलेख तालुक्याच्या डॉक्टरांना मिळाला. त्यांनी आजींना लगेच खाली बोलावलं. आजी सिस्टरबरोबर गाडीत बसल्या.