पेडणेकरांची बशी

"...म्हणजे बशी रिकामी होते, एवढंच ना?" नूरबाबांनी विचारलं.

"होते. रोज होते," सबनीस सर म्हणाले. "कोण करतं, ते कळत नाही."

जन्मभर कॉलेजात तर्कशास्त्र शिकवलेला हा म्हातारा भर दुपारी डोंगर चढून फकिराच्या झोपडीत आला होता, आणि बोलताना स्वतःचाच शब्द चाचपून पाहत होता.

चहा म्हणजे सरांचा जीव की प्राण. दारात आलेल्या पोस्टमनलाही ते चहा पाजल्याशिवाय सोडत नसत. पण ग्रंथपाल पेडणेकरांबरोबरचा चहा वेगळा. एकच कप, दोघांत. सरांनी अर्धा बशीत ओतायचा, बशी पेडणेकरांकडे सरकवायची, कप आपल्याकडे ठेवायचा. दोघांचे केस पिकले तरी यात बदल झाला नाही.

पेडणेकर गेल्या पावसाळ्यात वारले. सरांचा हात मात्र ओतायचा थांबला नाही.

"मीच पीत असेन, आणि विसरत असेन," सर म्हणाले. "मुलगीही तेच म्हणते. डॉक्टरांकडे चला म्हणते. तसं असेल तर तसं सांगा, बाबा. सोसेन मी."

"आणि तसं नसेल तर?"

सरांनी नजर वळवली.

बाबा दाढीतल्या दाढीत हसले. "वा रे शहाण्या! वेड लागलं तर चालेल म्हणतोस. दोस्त आला तर नको."

"तसं नाही... पण मेलेला माणूस चहा पीत नाही, बाबा."

"मग घाबरतोस कशाला?"

बाबांनी चुलीवरचं पातेलं उतरवलं, एकच कप भरला आणि बशीसकट सरांपुढे ठेवला.

"ओत. घरी ओततोस तसा."

सरांनी ओतला. दोन थेंब मातीवर सांडले. समोर एक गोणपाट अंथरलेलं होतं, त्यावर मांजर झोपलं होतं. सरांनी बशी तिकडे सरकवली.

मांजर उठलं. आळस न देता, मागे न बघता बाहेर निघून गेलं.

"बशी दोस्तालाच का?" बाबांनी विचारलं.

"त्याला... तशी सवय होती."

"त्यानं सांगितलं होतं?"

सरांनी आठवून पाहिलं. पुन्हा पाहिलं.

"विचारलं नव्हतं," ते हळूच म्हणाले.

बाबांनी बशी उचलून सरांपुढे ठेवली. कप उचलून गोणपाटापुढे ठेवला.

"पी."

सरांनी बशी ओठाला लावली. चहा निवला होता. वाफ नाही, वास नाही, नुसतं कोमट गोड पाणी. एवढ्या वर्षांत ही चव त्यांनी कधी घेतली नव्हती.

"हा... असा लागतो?"



बाहेर वारा पडला होता. झाडाचं पान हलत नव्हतं. सरांनी मान वर केली.

कपातली वाफ सरळ वर जायची सोडून गोणपाटाकडे वाकली होती. आणि कपातला चहा, कुणाचाही हात लागलेला नसताना, हळूहळू खाली उतरत होता...

"बाबा," सर कुजबुजले. "कोण... मला खरंच दिसतंय का हे?"

बाबांनी त्यांच्या मनगटावर हात ठेवला, पण त्यांच्याकडे बघितलं नाही. रिकाम्या गोणपाटाकडे किंचित झुकून ते मायेनं म्हणाले,

"सावकाश, पेडणेकर. जीभ भाजेल. गरमाची सवय नाही तुम्हाला."