पळणारं पाणी

माळाच्या कडेला एका गावात तायाप्पा नावाचा म्हातारा घोंगड्या विणायचा. त्याची बायको येसाबाई चिंचोक्याचं पीठ शिजवून त्याची खळ करायची आणि कुंच्यानं लोकरीच्या धाग्यांना लावायची. तो स्वभावानं संथ, ती वाऱ्यासारखी. पण संसार गोडीचा होता.

एके वर्षी तायाप्पाच्या अंगावरून वारं गेलं. हात वळेना, बोलणं अडखळू लागलं. येसाबाई उशाशी बसून पाणी पाजायची, पण घोट घेतला की त्याला ठसका लागायचा, जीव घाबरा व्हायचा. शेवटी त्यानं तोंडच मिटून घेतलं. ओठ सुकले, तरी तांब्या दिसला की मान फिरवायचा.

"अहो, पाण्यावाचून जगाल कसे?" असं म्हणत तिनं एकदा जबरदस्तीनं घोट ओतला. त्याचा श्वासच कोंडला. पाठ चोळून चोळून तो कसाबसा भानावर आला. येसाबाईला रडू फुटलं. "माझ्या हातचं पाणीसुद्धा नकोसं झालं का हो?"

तो धापा टाकत म्हणाला, "तुझं नाही गं... पाणी पळतंय. मी मागं राहतोय."

मग तिला खळ आठवली. खळ पळत नाही, कुंच्यावरून हळूहळू उतरते.

तिनं चिंचोक्याचं स्वच्छ पीठ घेतलं आणि घाईघाईनं उकळत्या पाण्यात टाकलं. नुसत्या गुठळ्या झाल्या. पुन्हा केलं, तर इतकं घट्ट झालं की चमचा उभा राहिला. मग मात्र तिनं पीठ आधी गार पाण्यात कालवलं आणि मंद आचेवर ढवळत बसली. आता चमचा कलता केला की पातळ धार लागत नव्हती. सगळं कसं सावकाश ओघळत होतं.

एक चमचा तिनं त्याला भरवला. ठसका लागला नाही! आनंदानं तिनं लगेच दुसरा पुढं केला, तर त्यानं बोट वर केलं. "थांब."

येसाबाई थांबली. आयुष्यात पहिल्यांदाच एवढी थांबली.

दारातून शेजारीण म्हणाली, "येसावहिनी, चला की बाजाराला! पाणी पाजायला एवढा वेळ?"

"तू हो पुढं. यांचा घोट अजून उतरायचाय."

चमचा चमचा करत तायाप्पाला तरतरी आली. एके दिवशी तो तोंड वाकडं करून म्हणाला, "रोज हे असलं बेचव! गूळ तरी घाल."

येसाबाई हसली, पदरानं डोळे टिपले आणि गूळ किसायला बसली.

तात्पर्य इतकंच, की माया भरभरून असली तरी ती समोरच्याला झेपेल अशा चालीनंच द्यावी.