उंबराखालचा काळा दगड

डोंगराला पाठ टेकून बसलेलं एक गाव होतं. गावामागे सरळ उभा कडा आणि कड्याच्या पोटात एक झरा. झऱ्याचं पाणी दगडात कोरलेल्या पन्हळीतून खाली यायचं आणि गावाच्या टाक्यात पडायचं. गावात विहीर नव्हती, नदी फार लांब. माणसं, गुरं, परड्यातला भाजीपाला, सगळं त्या पाण्यावर जगायचं.

दर वर्षी पावसाळा संपला की झऱ्याचं तोंड पानांनी आणि गाळानं बुजून जायचं. कुणीतरी कडा चढून ते मोकळं करावं लागायचं. हे काम करणारा गावात एकच माणूस होता, धावजी.

खांद्यावर दोराचं वेटोळं घेऊन धावजी अनवाणी चढायचा. वाटेत दगडातूनच उगवलेलं एक उंबराचं झाड होतं. तिथं पोचलं की दोराचं एक टोक झाडाला बांधायचं, दुसरं कमरेला. मग पुढं पाय सुटला तरी माणूस लटकून राहील, पडणार नाही. पण उंबरापर्यंत आधार काय तो हातापायांचाच.

उंबराच्या जरा खाली एक काळा दगड पुढं आलेला होता. दाराच्या कडीसारखा मुठीत बसायचा. धावजीचा हात दर वर्षी तिथंच जायचा. एका वर्षी तो दगड त्याच्या मुठीत थोडा हलला. ‘पुढच्या खेपेला याला काढून टाकू,’ असं मनाशी म्हणून तो वर गेला. खाली आल्यावर कुणाला काही बोलला नाही. एवढ्याशा गोष्टीत सांगण्यासारखं काय आहे, असं त्याला वाटलं.

पुढच्या वर्षी कडा चढायच्या दिवशी शेजारच्या गावचे पाहुणे आले होते. त्यांना पाटलांनी मोठ्या कौतुकानं कड्याखाली आणून उभं केलं. पाहुणे बघतायत म्हटल्यावर धावजीला चेव आला. एरवी तो दर खाचेपाशी थांबायचा, श्वास घ्यायचा. त्या दिवशी तो सरसर चढत गेला. काळ्या दगडापाशी आल्यावर त्याला गेल्या वर्षीची आठवण झाली. डावीकडून जायला हवं होतं, पण ती वाट वेळखाऊ होती. त्यानं एका हातानं दगड धरला आणि दुसरा हात पाहुण्यांना दाखवायला वर केला.

दगड हलला, मूठ सुटली आणि धावजी खाली आला.

खाली कारवीची दाट झाडी होती म्हणून जीव वाचला. उजव्या पायाचं हाड मोडलं, खांदा निखळला. माणसं धावत आली. पाटलांनी त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि विचारलं, “धावजी, अरे झालं काय?”

कड्यावर एक ससाणा राहायचा. धावजीची नजर आकाशाकडं होती आणि ससाणा तिथं घिरट्या घालत होता.

“ससाणा,” धावजी म्हणाला. “अंगावर आला.”

झालं. उन्हानं डोळे दिपल्यामुळं खालून नेमकं काय झालं ते कुणाला दिसलं नव्हतं, म्हणून सगळ्या गावाला पटलं. ससाणा अंगावर आला तर कुणीही पडेल, बिचारा धावजी काय करणार.

भिवा वैद्यानं पायाला बांबूच्या कामट्या बांधल्या, खांदा बसवला, निर्गुडीच्या पाल्याचा शेक सांगितला. धावजीची बायको तुळसा रोज शेक द्यायची. पाय ठणकायचा, खांदा रात्ररात्र जागवायचा, पण हळूहळू ते कमी होत गेलं. कमी झालं नाही ते दुसरंच काहीतरी. गावातले लोक भेटायला यायचे, ससाण्याला शिव्या द्यायचे आणि धावजी भिंतीकडं तोंड करून पडायचा. पडल्यापडल्या त्याच्या तळहातांचे घट्टे पापुद्र्यासारखे सुटून आले. खालची कातडी लहान पोराच्या हातासारखी मऊ निघाली. ते हात बघवेनात म्हणून तो गोधडीखाली ठेवायचा.

“हाड चांगलं जुळतंय,” भिवा एकदा म्हणाला. “मग तुझा चेहरा असा का? जेवत नाहीस, झोपत नाहीस.”

“दुखतंय.”

“कुठं?”

धावजीनं पायाकडं बोट दाखवलं. भिवानं पाय दाबून पाहिला, मान हलवली आणि निघून गेला.

इकडं झरा तसाच बुजलेला होता. टाक्यात पडणारं पाणी करंगळीएवढं झालं. कुणीतरी वर जायलाच हवं होतं. तेव्हा सुंद्रा पुढं आली. सुंद्रा गावातल्या धनगराची मुलगी. शेळ्यांमागं खडकांवरून फिरत मोठी झालेली, उंचीची भीती तिला ठाऊकच नव्हती. पाटील आधी नाही म्हणाले, मग टाक्याकडं बघून हो म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सुंद्रा धावजीच्या अंगणात आली. तो काठी धरून चार पावलं टाकायला शिकत होता.

“मामा, वाट कशी आहे ते सांगा ना,” ती म्हणाली. “कुठं हात धरायचा, कुठं नाही.”

धावजीनं तिच्याकडं पाहिलं. तरतरीत पोर, टणक हात. आपली जागा हिनं घेतली, हा विचार त्याच्या मनाला डसला. आणि काळ्या दगडाचं सांगायचं तर सगळंच सांगावं लागणार होतं. दगड हलतो हे तुम्हाला आधीच माहीत होतं का, असं ती विचारणार. मग ससाण्याचं काय?

“वाट काय, पायांना आपोआप सापडते,” तो म्हणाला. “ससाण्याकडं तेवढं लक्ष ठेव.”

सुंद्रा मान डोलावून गेली. धावजीनं स्वतःची समजूत घातली. ती तिथवर पोचायचीच नाही, भिऊन परत येईल. आणि अजून वेळ आहे, अमावास्या झाल्यावर चढायचं ठरलंय. उद्या-परवा सांगता येईल.

उद्या झाला, परवा झाला. तो सांगायचं म्हणून तुळसाला दोनदा ‘सुंद्राला बोलाव’ म्हणाला आणि दोन्ही वेळा ‘राहू दे’ म्हणाला.

मग एका सकाळी ढोल वाजायला लागले.

धावजी अंथरुणात उठून बसला. “आज काय आहे?”

“टाकं कोरडं पडलं,” तुळसा म्हणाली. “पाटील म्हणाले, अमावास्येची वाट बघायला नको. सुंद्रा कडा चढतेय.”

“आणि ढोल कशाला?”

“ससाणा जवळ येऊ नये म्हणून. पाटलांनीच युक्ती काढली.”

धावजीनं काठी ओढली आणि उभा राहिला. अंगणाबाहेर तो अजून एकदाही गेला नव्हता.

“कुठं निघालात? पाय परत मोडून घ्यायचाय का?”

“तुळसा, ससाणा नव्हता,” धावजी म्हणाला. “दगड हलतो तिथला. मला माहीत होतं. ती पोर त्यालाच धरणार.”

तुळसाला बोलायचं खूप होतं. पण ती एवढंच म्हणाली, “माझ्या खांद्यावर हात टाका. चला.”

कड्यापर्यंतची वाट चढणीची होती. धावजीनं ती कशी पार केली हे त्याला पुढं कधी नीट आठवलं नाही. कामट्या पोटरीत रुतत होत्या, पावलागणिक कळ डोक्यात जात होती. तुळसा त्याला जवळजवळ उचलूनच नेत होती. झाडी संपली तेव्हा वर सुंद्रा दिसली. उंबर तिच्यापासून फार दूर राहिला नव्हता.

धावजीनं जीव तोडून हाक मारली. ढोलांच्या आवाजात ती त्याची त्यालाही ऐकू आली नाही. तो ढोलवाल्यापाशी गेला आणि त्यानं टिपरूच धरलं.

“थांबवा.”

“धावजी, वेडा झालास का?” पाटील म्हणाले. “ढोल थांबला तर ससाणा येईल.”

सगळं गाव तिथं उभं होतं. सुंद्राची आई पुढं येऊन बघत होती. धावजीला क्षणभर वाटलं, आपण त्या कारवीतून उठलोच नसतो तर बरं झालं असतं.

“ससाणा आलाच नव्हता,” तो म्हणाला. “मी खोटं बोललो. ढोल थांबवा, मला तिच्याशी बोलायचंय.”

ढोल थांबले. एकदम इतकं शांत झालं की वर सुंद्राच्या पायाखालून घरंगळलेली वाळू खाली पडताना ऐकू आली.

“सुंद्रा,” धावजी ओरडला, “उंबराखालचा काळा दगड धरू नकोस. तो सुटा आहे. मला त्यानंच पाडलं.”

सुंद्राचा हात दगडाला लागला होता. बोटं अजून वळायची होती. तिनं हात अलगद मागं घेतला आणि कड्याला गाल लावून थांबली. थोड्या वेळानं वरून तिचा आवाज आला.

“मग कुठं धरू, मामा?”

धावजीनं डोळे मिटले. कडा त्याला डोळे मिटूनच नीट दिसायचा.

“डाव्या हाताला तिरकी भेग आहे. दिसली?”

“दिसली. पण बोटांनी धरता येत नाही.”

“बोटांनी नाही. हात आत घाल आणि आत मूठ आवळ. मूठ अडकते. अडकली का?”

“अडकली.”

“आता डावा पाय गुडघ्याएवढा वर घे. तिथं खळगा आहे, पावसाचं पाणी साठतं तो. घाई करू नकोस. पाय बसला की मगच उजवा हात सोड.”

सुंद्रानं पाय उचलला. पाय खळग्यात बसला. तिनं उजवा हात सोडला, वर टाकला, आणि उंबराच्या मुळीला मिठी मारली.

पाटील होते तिथंच मटकन खाली बसले. सुंद्राच्या आईनं पदर तोंडाशी धरला आणि ती हुंदके देऊ लागली. वर सुंद्रानं दोर झाडाला बांधला, कमरेला बांधला, ओढून पाहिला. मग ती थोडी खाली उतरली आणि तिनं काळ्या दगडाला टाचेनं ढकललं. दुसऱ्याच धक्क्याला तो उपटून आला आणि कारवीच्या फांद्या मोडत धाडकन खाली आला.

पुढचं काम सोपं होतं. सुंद्रा झऱ्यापाशी पोचली, तिनं पानं आणि गाळ हातानं उपसला. पन्हळीतून आधी चिखल आला, मग गढूळ पाणी, मग निवळ. बायका रिकामे हंडे आणायला गावाकडं धावल्या.

धावजी एका दगडावर बसला होता. काठी कुठं पडली तेही त्याला ठाऊक नव्हतं. सुंद्राची आई त्याच्यापुढं येऊन उभी राहिली.

“पोर तुमच्या अंगणात येऊन विचारून गेली होती,” ती म्हणाली. “तेव्हाच सांगितलं असतंत तर माझ्या जिवाचं आज असं पाणी झालं नसतं.”

“खरं आहे,” धावजी म्हणाला.

ती आणखी बोलणार होती. मग तिचं लक्ष त्याच्या पायाकडं गेलं. कामट्यांखालून रक्त ओघळत होतं. तिनं इकडंतिकडं पाहिलं, काठी शोधून आणली आणि त्याच्या हातात दिली.

“घरी जा आता,” ती म्हणाली. “वैद्याला मी पाठवते.”

गावात कुणी त्याला पाहून तोंड फिरवलं नाही असं नाही. पाटलांनी पुष्कळ दिवस त्याच्याशी बोलणं टाकलं. पाहुण्यांपुढं त्यांनी ससाण्याची गोष्ट फार रंगवून सांगितली होती. पण त्या दिवशी भिवानं पाय पुन्हा बांधला आणि धावजी आडवा झाला तो दुसऱ्या दिवशी उन्हं अंगणात येईपर्यंत उठला नाही. उठल्यावर त्यानं तुळसाजवळ भाकरी मागितली. एक खाल्ली, मग आणखी एक मागितली.

भिवा आला तेव्हा तो जेवतच होता. “दुखतंय का?” भिवानं विचारलं.

“पाय दुखतोय,” धावजी म्हणाला, आणि त्याला हसू आलं. “नुसता पायच.”

त्यानंतर सुंद्रा रोज यायला लागली. धावजी तिला एकेक खाच, एकेक भेग सांगायचा. कुठं आपण चुकलो, कुठं जीव घाबरा झाला होता, तेही सांगायचा. ती त्याला हाताला धरून चालवायची. आधी अंगणात, मग टाक्यापर्यंत, मग कड्याच्या पायथ्याशी. एक दिवस त्यानं कड्यावर हात ठेवला, दोन पावलं वर चढला आणि परत खाली उतरला. हाताला फोड आले. ते त्यानं तुळसाला दाखवले, आणि पायाला शेक द्यायच्या आधी तिनं ते हात बराच वेळ आपल्या हातात धरून ठेवले.

पुढच्या पावसाळ्यानंतर कडा चढायचा दिवस आला. पहिली सुंद्रा गेली. तिनं उंबराला दोर बांधला आणि दुसरं टोक खाली सोडलं. धावजीनं ते कमरेला बांधलं आणि चढायला लागला. हाडानं साथ दिली, खांद्यानं दिली. पण काळा दगड जिथून निघाला होता तिथं मोकळा खड्डा दिसला आणि त्याचा हात पुढं जाईना. खाली गाव बघत होतं, पाटीलही होते.

“सुंद्रा,” धावजी मोठ्यानं म्हणाला, “मला भीती वाटतेय.”

“दोर ताणून धरलाय, मामा,” वरून उत्तर आलं. “थांबा हवं तेवढं.”

धावजी थांबला. खालचं कुणी हसलं नाही. श्वास जागेवर आला तशी त्यानं डावीकडच्या भेगेत मूठ घातली, पाय खळग्यात टाकला आणि वर सरकला. मग दोघांनी मिळून झरा साफ केला. पाणी निवळल्यावर धावजीनं ओंजळ भरली, आधी सुंद्राला दिली आणि मग आपण प्याला.

तात्पर्य एवढंच, की पडण्यात कमीपणा नसतो. आपण कशानं पडलो हे मागून येणाऱ्याला खरं सांगावं. त्याचा जीव वाचतो आणि आपलं दुखणंही बरं व्हायला लागतं.